मुंबईचा मे महिना आणि नाटक: एका हंगामाची पार्श्वभूमी

वार्षिक परीक्षा संपल्या की मुंबईतल्या वर्तमानपत्रांचं नाटकाचं पान बदलायला लागतं. विनोदी नाटकांच्या चौकटींशेजारी चेटकिणी आणि राक्षस येतात, सकाळच्या आणि दुपारच्या वेळा वाढतात. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये मुलांच्या कार्यशाळा भरतात. दादरपासून डोंबिवलीपर्यंत आणि विलेपार्ल्यापासून वाशीपर्यंत एकाच रविवारी संगीत नाटक, फार्स, मालवणी नाटक, गुजराती कॉमेडी, हिंदी प्रयोग आणि स्टँडअप असं सगळं सापडतं. एप्रिल-मेचा हा हंगाम कुण्या संस्थेने ठरवून सुरू केलेला नाही. तो आधी पावसाने घडवला आणि नंतर शाळेने.

सुरुवातीला मुंबईतल्या नाटकाला असा उन्हाळी हंगाम असण्याचं कारणच नव्हतं. सांगलीला १८४३ मध्ये सुरू झालेला विष्णुदास भाव्यांचा खेळ दहा वर्षांनी, १८५३ साली मुंबईत आला आणि ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून झाला. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या थिएटरात त्याच वर्षी पारशी मंडळींचीही नाटकं सुरू झाली. म्हणजे इंग्रजी, मराठी आणि पारशी-गुजराती प्रयोगांची सरमिसळ या शहरात पहिल्यापासून आहे. विनोदही पहिल्यापासून आहे. भाव्यांच्या खेळात विदूषक होता, आणि पुढे पौराणिक खेळ आटोपल्यावर शेवटी फार्स करायची रीत पडली. देवादिकांच्या कथेनंतर सासू, सावकार आणि नवशिक्षित जावई यांची टिंगल पाहून प्रेक्षक घरी जात. आजच्या विनोदी नाटकाचं मूळ शोधायचं तर तिथपर्यंत मागे जावं लागेल.

ही थिएटरं बंदिस्त होती, डोक्यावर छप्पर होतं, त्यामुळे पावसाची भीती नव्हती. संगीत नाटकाच्या वैभवाच्या काळातली सर्वांत गाजलेली तारीखच पाहा. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचं संयुक्त मानापमान बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी झालं ते ८ जुलै १९२१ रोजी, ऐन पावसाळ्यात. त्या नाटकवाल्यांना मे आणि जुलै यांत फारसा फरक पडत नव्हता.

फरक पडला तो बोलपटाने. मार्च १९३१ मध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलमआरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला, पुढच्या वर्षी मराठी बोलपट आला, आणि नाटक कंपन्यांच्या हातातली थिएटरं एकेक करून सिनेमाकडे गेली. मराठी रंगभूमीच्या या पडझडीबद्दल बोलताना आपण बहुधा नटांची आणि गायकांची आठवण काढतो. मला वाटतं, छप्पर जाणं हा त्याहून मोठा घाव होता. नट टिकले, नाटककारही टिकले. आचार्य अत्र्यांनी १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ आणि १९३६ मध्ये ‘लग्नाची बेडी’ देऊन पडत्या काळातही लोकांना हसवलं. पण मुंबईसारख्या शहरात नाटक करायला हक्काची जागा उरली नाही. नाटक उघड्यावर आलं, आणि उघड्यावर आलेल्या नाटकाला ऋतू पाळावा लागतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धडकला की पडदा, प्रकाश, पेटी, सगळंच भिजणार. त्यामुळे पावसाच्या आधीचे कोरडे महिने मोलाचे झाले.

१९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाने १९४४ साली रंगभूमीचा शताब्दी महोत्सव भरवला. डॉ. अमृत नारायण भालेराव यांनी तो उभा केला. विखुरलेले नट एकत्र आले, आणि मराठी माणसाला अजून नाटक हवंय याचा पुरावाच मिळाला. पुढे संघाचे नाट्यमहोत्सव गिरगावच्या केळेवाडीतल्या खुल्या रंगमंचावर होत राहिले. याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळीच हालचाल चालू होती. २५ मे १९४३ रोजी मुंबईतच ‘इप्टा’ची, म्हणजे डाव्या विचारांच्या इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची, स्थापना झाली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढून लोकनाट्य कामगारांच्या मैदानांत आणि चाळींच्या पटांगणांत नेलं. त्यांचा विनोद धारदार होता, आणि कुणावर हसायचं हे त्यांच्या प्रेक्षकांना पक्कं ठाऊक होतं.

गिरणगावाचा वाटा एवढ्यावर संपत नाही. परळला सोशल सर्व्हिस लीगचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासून उभं होतं. कामगार रंगभूमी तिथे वाढली. दिवसपाळी करून आलेला माणूस रात्री तालमीला बसायचा. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड यायचे. या वस्तीतले बहुसंख्य लोक कोकणातून आणि घाटावरून आलेले, आणि गावाकडच्या करमणुकीचं वेळापत्रक त्यांच्या अंगात भिनलेलं. दशावताराच्या जत्रा कार्तिकात सुरू होतात आणि पावसाच्या तोंडाशी थांबतात. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि वैशाखापर्यंत फिरतात. म्हणजे पेरणीपूर्वीचे दिवस खेळ बघण्याचे, हे चाकरमान्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग छप्पर परत मिळालं. १९६४ मध्ये साहित्य संघाचं बंदिस्त नाट्यगृह झालं, त्याला भालेरावांचं नाव मिळालं. १९६५ मध्ये दादरला शिवाजी मंदिर सुरू झालं. प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर आलं, १९७८ च्या डिसेंबरात ठाण्याला गडकरी रंगायतन. आता पावसाचं बंधन सुटलं होतं. मे महिन्याचा हंगाम तिथेच विरून जायला हवा होता. तो विरला नाही, उलट पक्का झाला. याचं श्रेय मी बालनाट्याला देतो.

सुधा करमरकर साहित्य संघाच्या वातावरणात वाढल्या. त्यांचे वडील तात्या आमोणकर संघाच्या नाट्यकार्यात होते. अमेरिकेत जाऊन त्यांनी मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास केला, आणि परत येऊन १९५९ मध्ये संघाच्या आधाराने ‘लिटल थिएटर’ची बालरंगभूमी सुरू केली. पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’, लेखक रत्नाकर मतकरी. तोवर मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईंनी बसवलेला, पालकांनी कौतुकाने पाहायचा प्रवेश. करमरकरांनी मुलांना प्रेक्षक म्हणून मान दिला. पूर्ण लांबीची गोष्ट, खरं नेपथ्य, खरी वेशभूषा, जादूचे प्रसंग आणि कसलेले नट. भक्ती बर्वे यांच्यासारखी अभिनेत्री याच बालरंगभूमीवरून पुढे आली.

मतकरींनी १९६२ मध्ये पत्नी प्रतिभा यांच्यासह ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. बँकेतली नोकरी सांभाळून ते लिहीत, बसवत, नेपथ्य रंगवत. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नावं आज साठीत असलेल्या मुंबईकरांना तोंडपाठ आहेत. ‘अलबत्या गलबत्या’मधली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली. मतकरींच्या चेटकिणींना आणि राक्षसांना मुलं घाबरतात आणि त्याच दमात खदखदून हसतात. ही विनोदाची फार उत्तम शाळा आहे. भीती आणि हसू यांचं नातं ज्या मुलाला सहाव्या वर्षी नाट्यगृहाच्या अंधारात कळलं, त्याला मोठेपणी चांगला फार्स आणि नुसता आरडाओरडा यांतला फरक सांगावा लागत नाही.

दादरच्या छबिलदास शाळेत शिकवणाऱ्या सुलभा देशपांडे यांनी तिसरी वाट काढली. अरविंद देशपांडे, अरुण काकडे यांच्यासह त्यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ उभी केली. १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची चळवळ चालली ती याच संस्थेमुळे. तिच्या ‘चंद्रशाला’ या विभागाने मुलांनाच रंगमंचावर आणलं. १९८२ चं ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य पुढे पिढ्यान् पिढ्या होत राहिलं. आधीच्या तुकडीतली मुलं मोठी झाली की नवी मुलं यायची, नाटक तेच.

या सगळ्यांना प्रेक्षक मिळायचा तो सुट्टीत. मुंबईच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि तोवरच्या दीड-दोन महिन्यांत घरातल्या मुलांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक चाळीत आणि प्रत्येक ब्लॉकमध्ये असायचा. मुलाला नाटकाला न्यायचं तर बरोबर आई, आजी, मामा. एका मुलामागे तीन-चार तिकिटं. दुपारी बालनाट्य पाहून बाहेर पडलेलं कुटुंब तिथेच लावलेला रात्रीच्या विनोदी नाटकाचा बोर्ड वाचायचं. शाळेची सुट्टी अशी मोठ्यांच्या नाटकाच्याही कामी आली.

विनोदी नाटकांनी हा कौटुंबिक प्रेक्षक ओळखला. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० मध्ये आलं. मच्छिंद्र कांबळींनी त्यातून मालवणी बोली व्यावसायिक रंगमंचाच्या मध्यभागी आणून बसवली, आणि हजारो प्रयोग केले. गावातली मंडळी पौराणिक नाटक बसवताना जो गोंधळ घालतात त्याची ही गोष्ट. मुंबईत राहून गावच्या जत्रेची आठवण काढणाऱ्या माणसाला ती आपलीच वाटली. १९८३ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांचं ‘टुरटुर’ आलं, लक्ष्मीकांत बेर्डे त्यातून लोकांसमोर आले. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ १९८५ मध्ये विजय चव्हाणांनी पुन्हा नाचवली. १९९३ च्या अखेरीस देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’, २००२ मध्ये केदार शिंदे आणि भरत जाधव यांचं ‘सही रे सही’. यांतलं एकही नाटक खास उन्हाळ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. पण तीन पिढ्या एका रांगेत बसून हसू शकतील अशी ही नाटकं असल्याने सुट्टी त्यांना मानवली.

याच काळात शहर पायाखालून सरकत होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक पुन्हा त्या दारातून आत गेले नाहीत. कामगार रंगभूमीचा कणा मोडला, हनुमान थिएटरचे दिवसही फिरले. मराठी कुटुंबं डोंबिवली, बोरिवली, वाशी, पनवेलकडे सरकली, तसं नाटकही सरकलं. आज एखाद्या नाटकाचा शनिवार-रविवार कल्याण, ठाणे आणि पार्ले असा जातो. नेपथ्याचा टेम्पो एका नाट्यगृहातून दुसऱ्याकडे धावतो आणि रंगमंच कामगार भर उन्हाच्या दुपारी पुन्हा सेट लावायला घेतात. हंगामाचा खरा भार त्यांच्या खांद्यावर असतो, आणि त्यांचं नाव जाहिरातीत कधी येत नाही.

शहराच्या इतर भाषांनीही उन्हाळा आपापल्या रीतीने घेतला. शशी आणि जेनिफर कपूर यांनी ५ नोव्हेंबर १९७८ ला पृथ्वी थिएटर सुरू केलं. पुढे संजना कपूर यांच्या काळात तिथल्या उन्हाळी कार्यशाळा आणि मुलांची नाटकं हा उपनगरातल्या घरांचा नेम झाला. स्टँडअप त्या मानाने अगदी अलीकडचं. २०१० मध्ये लोअर परळला ‘कॉमेडी स्टोअर’ उघडलं, तेही फिनिक्स मिलच्या आवारात. जिथे साचे चालत त्याच जमिनीवर वातानुकूलित खोलीत लोक तिकीट काढून इंग्रजी-हिंदी विनोद ऐकू लागले. मला त्यात आनंदही वाटतो आणि सलतही. हसणारे लोक पुन्हा आले, पण ज्यांची ती वस्ती होती त्यांना परवडेल असं तिकीट तिथे नव्हतं.

२००८ पासून आयपीएलने एप्रिल-मेच्या संध्याकाळी बळकावल्या. नाटकाने तोही मार झेलला. कोविडचा घाव मात्र जिव्हारी होता. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधले काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये खऱ्या अर्थाने सुरू झाली. सलग दोन उन्हाळे कोरडे गेले. त्यातल्या पहिल्याच मे महिन्यात मतकरी गेले. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१८ मध्ये, ‘अलबत्या गलबत्या’ नव्याने रंगमंचावर आलं होतं. चिन्मय मांडलेकरांचं दिग्दर्शन, वैभव मांगले यांची चिंची, आणि नाट्यगृहाबाहेर नातवंडांना घेऊन उभे असलेले मूळ प्रयोगाचे प्रेक्षक.

प्रश्न आता पुन्हा छपराचाच आहे. दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलं. ठाणेकरांना २०२५ चा उन्हाळा गडकरी रंगायतनशिवाय काढावा लागला, ते ऑगस्टमध्ये खुलं झालं. जागा कमी पडतात तेव्हा सुट्टीच्या दिवसांतल्या तारखांसाठी ओढाताण होते, आणि त्यात मुलांच्या नाटकाला अडनिडी वेळ मिळते: सकाळची, किंवा दोन मोठ्या प्रयोगांच्या मधली, जिथे सेट लावायला तासभरही हाती नसतो. मग राक्षसाचा महाल एका रंगवलेल्या पडद्यावर भागवला जातो. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारची संध्याकाळची सत्रं तरी बालनाट्याला राखून ठेवावीत, निदान महापालिकेच्या नाट्यगृहांनी. ज्या खुर्च्यांवर रात्री हशा पिकतो त्या भरायला माणसं बालनाट्याच्याच प्रयोगांतून तयार झाली आहेत.