टीआयडी म्हणजे नोडचा आयपी नव्हे

फायबर नेटवर्कमधल्या नोडच्या, म्हणजे त्यातल्या एकेका उपकरणाच्या, फॉल्टच्या तिकिटांत एक वाक्य मला सतत भेटतं: "नोडच्या आयपीवर लॉगिन केलं, अलार्म पाहिले, काही नाही." अलार्म खरंच पाहिलेले असतात, पण दुसऱ्याच नोडचे. जो बिघडलाय त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आयपी पत्ता तुम्हाला माहीत आहे, तो पॅकेट कुठे पोचवायचं ते सांगतो. टीएल-वन या नोडना कमांड देण्याच्या भाषेतला टीआयडी, म्हणजे टार्गेट आयडेंटिफायर, हे नोडचं नाव. जास्तीत जास्त २० अक्षरांचं. कमांड कुणासाठी आहे ते या नावावरून ठरतं. प्रत्येक नोडला स्वतंत्र मॅनेजमेंट केबल असती तर हा फरक कुणाला जाणवलाही नसता. पण रिंगमध्ये, म्हणजे फायबरने वर्तुळात जोडलेल्या नोडमध्ये, केबल बहुधा एकाच नोडला, गेटवेला, लागलेली असते. बाकीच्यांपर्यंत निरोप फायबरमधूनच जातो: सॉनेट या फायबर पद्धतीत सेक्शन डीसीसीच्या (डीसीसी म्हणजे मॅनेजमेंटच्या निरोपांसाठी राखलेला चॅनल) १९२ किंवा लाइन डीसीसीच्या ५७६ किलोबिट प्रतिसेकंद वाटेने, एकाच फायबरमध्ये अनेक तरंगलांबी चालवणाऱ्या डीडब्ल्यूडीएममध्ये त्याच कामाच्या सुपरवायझरी चॅनलवरून. म्हणजे तुमच्या हातात आयपी एक आणि त्यामागे नोड अनेक.

आता जिथे माणसं हमखास अडकतात ती जागा. कमांडमध्ये पहिल्या कोलननंतर टीआयडी लिहायचा असतो. तिथे चुकीचं नाव घातलंत तर 'आयआयटीए' हा एरर कोड येतो आणि चूक लगेच कळते. जागा रिकामी सोडलीत तर मात्र एरर येतच नाही! ज्याच्याशी जोडलेले आहात तो नोड कमांड स्वतःसाठीच आहे असं धरतो, मुकाट्याने स्वतःचे अलार्म देतो आणि उत्तर यशस्वी म्हणून उमटतं. रिकामा टीआयडी चुकीच्या टीआयडीपेक्षा घातक आहे तो यामुळे. थेट नोडसमोर लॅपटॉप लावून बसला असाल तरी टीआयडी लिहा, असाच माझा आग्रह असतो. हाताला लागलेली सवय गेटवेवरही तशीच राहते.

उत्तर वाचतानाही हीच गफलत होते. पहिल्या ओळीत एसआयडी असतो, म्हणजे उत्तर देणाऱ्या नोडचं नाव, आणि पुढे तारीख-वेळ. दुसऱ्या ओळीत तुम्ही कमांडला दिलेला सीटॅग, म्हणजे तिची ओळखखूण, असते. सीटॅगवरून कळतं कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे. कुणाचं आहे ते फक्त एसआयडी सांगतो. फक्त सीटॅग जुळवून पुढे जाणाऱ्या स्क्रिप्टा पाहिल्या की मला राग येतो, कारण एसआयडी तपासायला एक ओळ पुरते. न विचारता आपोआप येणाऱ्या अलार्मचंही तेच: गेटवेच्या सेशनमध्ये आला म्हणून तो गेटवेचा ठरत नाही.

लॉगिनही टीआयडीगणिक वेगळं. गेटवेवर लॉगिन झालात म्हणून मागचा नोड तुम्हाला ओळखत नाही. तो 'पीएलएनए' म्हणून नकार देतो. हा पासवर्डचा दोष नाही, त्या नोडवर तुमचं लॉगिनच झालेलं नाही.

एआयडी आणि टीआयडी यांतही काही जण गोंधळतात, पण ते सोपं आहे: टीआयडी नोडचा, एआयडी त्या नोडमधल्या कार्डाचा किंवा पोर्टचा.

आणि पिंग. पिंगला उत्तर आलं म्हणजे त्या पत्त्यावर काहीतरी जिवंत आहे, एवढंच. कोणता नोड आहे हे हवं असेल तर टीआयडी घालून आरटीआरव्ही-एचडीआर ही नुसतं हेडर मागणारी कमांड पाठवा. डीसीसीवर आयपीऐवजी ओएसआय प्रोटोकॉल चालणाऱ्या जुन्या रिंगमध्ये नावावरून एनसॅप पत्ता (ओएसआयमधला नोडचा पत्ता) शोधायचं काम टार्प हा प्रोटोकॉल करतो आणि नाव-पत्त्याच्या जोड्या कॅशेत ठेवतो. तिथे कंट्रोलर कार्ड बदलल्यावर नोडचा पत्ता बदलला आणि नोड नावाने सापडेनासा झाला, तर फायबरला हात लावण्याआधी टार्पच्या कॅशेतली जुनी नोंद काढा.