मेरिदाचं धरण रिकामं झालं तरी ढासळत का नाही?

इसवी सनपूर्व 25 मध्ये रोमन सम्राट ऑगस्टसने आजच्या स्पेनमध्ये, ग्वादियाना नदीच्या काठी एक नवं शहर वसवलं. उत्तरेकडच्या कांताब्रियन युद्धात लढून सेवा पुरी केलेल्या पाचव्या आणि दहाव्या लीजनच्या (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीच्या) सैनिकांना तिथे जमिनी दिल्या. हेच ऑगस्टा एमेरिता, आजचं मेरिदा. पुढे ते लुसितानिया प्रांताची राजधानी झालं.

जागेची निवड नदीने केली म्हणायला हरकत नाही. इथे पात्र उथळ आहे आणि मधोमध बेट आहे, त्यामुळे पूल बांधणं सोपं. सुमारे 790 मीटर लांबीच्या या पुलाला आज 60 कमानी आहेत. खांबांच्या पोटात ठेवलेल्या छोट्या कमानी बघाव्यात. पूर चढला की पाणी त्यांतून निघून जातं आणि खांबांवरचा दाब कमी होतो. तरीही पुरांनी कमानी अनेकदा पाडल्या, लोकांनी दर वेळी त्या पुन्हा बांधल्या. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या पुलावरून गाड्या जात होत्या.

मला मात्र सगळ्यात थोर वाटतं ते शहराच्या उत्तरेचं प्रोसेर्पिना धरण. लांबी चारशे मीटरहून जास्त. पाण्याच्या बाजूला दगडाची भिंत, तिच्या पोटात चुन्याचं काँक्रीट आणि मागे मातीचा जाडजूड भराव. तलाव भरलेला असताना पाणी भिंतीला मागे रेटतं, तेव्हा भराव तिला पाठीशी घालतो. खरी परीक्षा तलाव आटल्यावर. समोरून पाण्याचा रेटा नाहीसा होतो, पण मागची ओली, जड माती भिंतीला तलावाकडे ढकलतच राहते. अशी भिंत पुढे कलंडू शकते. म्हणून तिला पाण्याच्या अंगाला दगडी धिरे दिले आहेत. एरवी ते पाण्याखाली असतात आणि नेमके दुष्काळात कामाला येतात. भरावात दोन उंच विहिरी आहेत, त्यांच्या तळातून पाणी सोडलं जाई. गाळ काढला तेव्हा भिंतीचा कित्येक मीटर खोल, आधी न दिसलेला भागही उघडा पडला.

या तलावाचं पाणी ज्या जलसेतूवरून शहरात येई, त्याचे सुमारे 25 मीटर उंचीचे खांब अजून उभे आहेत. त्याचं नाव लोस मिलाग्रोस. खांबांत ग्रॅनाइटच्या थरांमध्ये लाल विटांचे थर घातले आहेत. विटांच्या या सपाट पट्ट्यांमुळे प्रत्येक टप्प्यावर बांधकाम समपातळीत येतं आणि वरचा भार सारखा वाटला जातो. आता त्यांच्या माथ्यावर करकोचे घरटी करतात.

पर्यटकांची गर्दी असते ती ऑगस्टसचा सेनापती आग्रिपाने इसवी सनपूर्व 16-15 च्या सुमारास बांधवलेल्या नाट्यगृहात. जवळपास सहा हजार प्रेक्षकांची ही वास्तू शतकानुशतकं मातीखाली होती. वरच्या बैठकांचे सात तुकडे तेवढे जमिनीबाहेर दिसत. लोक त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणत. 1910 मध्ये उत्खनन सुरू झालं. रंगमंचामागचे देखणे खांब विसाव्या शतकात पुन्हा उभारलेले आहेत, हे फोटो काढताना लक्षात असू द्यावं. 1933 पासून तिथे नाट्यमहोत्सव भरतो.

डायनाचं मंदिर म्हणून ओळखली जाणारी वास्तू प्रत्यक्षात सम्राटपूजेची. तिचे खांब वाचले, कारण सोळाव्या शतकात एका सरदाराने त्यांच्याच आधाराने आपला वाडा बांधला. वाड्याचा काही भाग आजही खांबांच्या मधे उभा आहे.