तळ्यातल्या बेटावरचं तळं

नागपुरातले तलाव पाणी अडवून झालेले. अंबाझरी घ्या, फुटाळा घ्या, नाहीतर शुक्रवारी, म्हणजे आजचा गांधीसागर. तलावातलं बेट म्हटलं की आपल्याला गांधीसागराच्या मधली बाग आठवते, आणि तेवढ्यावर बेटाची कल्पना करू गेलं तर फसायला होतं. कॅनडाच्या ह्युरॉन सरोवरातलं मॅनिटूलिन बेट 2,766 चौरस किलोमीटरचं आहे. आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहून मोठं! गोड्या पाण्याच्या सरोवरातलं जगातलं सर्वांत मोठं बेट ते हेच.

सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडी गाळाचा पुढे डोलोमाइट झाला. हा खडक चिवट. खालचे शेलचे, म्हणजे चिखल दाबून झालेल्या खडकाचे थर मात्र ठिसूळ. हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर यावरून पुन्हापुन्हा सरकले. ठिसूळ खडक खरवडला गेला, तिथे खोलगट भाग होऊन पाणी भरलं, आणि डोलोमाइटचा कणा वर राहिला. म्हणूनच बेटाच्या उत्तरेला कडे आहेत, तर दक्षिणेला जमीन हळूहळू उतरत पाण्यात शिरते. नायगाराचा धबधबा कोसळतो तोही याच खडकाच्या रांगेवरून. बर्फ जाऊन हजारो वर्षं झाली, तरी त्याच्या ओझ्याने दबलेली ही जमीन अजून सावकाश वर येतेच आहे.

बेटावर शंभराहून अधिक तळी आहेत. त्यांतलं मॅनिटू 104 चौरस किलोमीटरचं. मिंडेमोया नावाच्या तळ्यात तर पुन्हा एक बेट आहे: सरोवरातल्या बेटावरच्या तळ्यातलं बेट. वाक्य दोनदा वाचावं लागलं तरी हरकत नाही, नकाशाही दोनदा पाहावा लागतो.

माणूसही इथे जुनाच. बेटावरच्या शेगुआंडा इथे क्वार्टझाइट हा टणक दगड फोडून हत्यारं घडवल्याच्या खुणा नऊ हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या आहेत. ओडावा, ओजिब्वे आणि पोटावाटोमी हे इथले मूळ लोक. 1836 च्या करारात ब्रिटिशांनी हे बेट त्यांच्यासाठी राखून ठेवलं. पंचवीस-सव्वीस वर्षांतच शब्द फिरला: 1862 च्या नव्या करारानं बेट गोऱ्या वसाहतवाल्यांना खुलं झालं. पूर्वेकडच्या विक्वेमकूंगच्या लोकांनी मात्र त्यावर सही केली नाही. त्यांनी आपली जमीन आजतागायत कुणालाही लिहून दिलेली नाही.