कुत्रा एक, माणसं दोन, नियम किती?

घरात दोघं एकत्र राहतायत, कुत्रा त्यातल्या एकाचा, आणि त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय की जेवताना ताटातलं काही द्यायचं नाही. रूममेटला ते मान्य आहे, म्हणजे तोंडाने तरी आहे, पण समोर बसून ते दोन डोळे घासाबरोबर ताटातून तोंडापर्यंत आणि परत ताटापर्यंत फिरायला लागले की एखाद्या दिवशी हात टेबलाखाली जातोच. मग "अरे एकदाच दिलं, त्यात काय एवढं!" मालक चिडतो, पण नक्की काय बिघडलं हे त्यालाही धड सांगता येत नाही. तर या "एकदाच"वर प्रयोगशाळांमध्ये पुष्कळ काम झालंय आणि निकाल मालकाच्या बाजूने लागलाय, खरं तर त्याला वाटतं त्यापेक्षा प्रकरण जास्त बेकार आहे.

आपला हिशोब साधारण असा असतो की दहापैकी नऊ वेळा नियम पाळला, एकदा मोडला, म्हणजे ट्रेनिंग नव्वद टक्के झालं. जनावराचं डोकं असं चालत नाही. कधीतरीच मिळणारं बक्षीस सवयीला कमकुवत करत नाही, उलट चिवट करतं, इतकं की रोज न चुकता मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय त्यामानाने पटकन सुटते.

ही उलटी वाटणारी गोष्ट १९३९ साली लॉइड हम्फ्रीज नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दाखवली, तीही माणसांवर. खूण दिसली की डोळ्यावर हवेचा हलका झोत, असं वारंवार केलं की माणूस नुसती खूण दिसली तरी पापणी मिटतो. काहींना प्रत्येक खुणेनंतर झोत दिला, काहींना निम्म्याच वेळा, आणि मग झोत सगळ्यांचाच बंद केला. ज्यांना निम्म्याच वेळा मिळाला होता ते जास्त वेळ पापण्या मिटत राहिले. पुढे स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर याचे ढीगभर प्रयोग केले, १९५७ मध्ये ते छापले, आणि त्यात दिसलं की दाणा कधी पडेल याचा भरवसा नसलेलं कबुतर बटणावर चोच मारतच राहतं, कंटाळत नाही.

कारण काय, तर विचार करा, समजा कुत्र्याला प्रत्येक जेवणाला तुकडा मिळत होता आणि एक दिवस बंद झाला. तीन-चार जेवणं रिकामी गेली की फरक ढळढळीत आहे, आधी मिळायचं, आता मिळत नाही. आता समजा आधीपासूनच दहा जेवणांत एकदा मिळत होतं आणि ते कुठलं हे ठरलेलं नव्हतं. तुम्ही कायमचं बंद केलंत तरी त्याला ते कळणार कसं? नऊ रिकामी जेवणं तर नेहमीचीच, कधी लागोपाठ पंधराही झालेली असतात, आणि त्यानंतर सोळाव्याला मिळालेलं असतं. त्यामुळे तो बसून राहतो, आणि आपण म्हणतो किती हावरट आहे. हावरट वगैरे काही नाही, त्याला मिळालेल्या माहितीवरून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे.

मग मालक ठरवतो की आता अजिबात नाही, आणि दोन-तीन दिवसांत प्रकार वाढतो. आधी नुसता बघायचा, आता कुंईकुंई करतो, पंजा मारतो, शेवटी भुंकतो. लिफ्ट येत नाही म्हटल्यावर आपण बटण सोडून देत नाही, आधी दोन-चार वेळा जोरात दाबतो, तसंच हे. बक्षीस बंद झालं की वागणं विझण्याआधी बऱ्याचदा एकदा भडकतं, आणि नेमका हाच क्षण दोन माणसांच्या घरात घात करतो. मालक दात-ओठ खाऊन तग धरतो, पण रूममेटचा कॉल चालू असतो, कुत्रा केकाटतोय, तो म्हणतो घे बाबा एकदाचं आणि गप बस. कुत्रा गप बसतो, म्हणून रूममेटला वाटतं जमलं. कुत्रा मात्र शिकला की नुसतं बघून भागत नाही, या आवाजापर्यंत पोचावं लागतं. पुढच्या वेळी तो खालच्या पायरीपासून सुरुवात करण्यात वेळ घालवत नाही.

आता "दोघांच्या वेगवेगळ्या नियमांमुळे कुत्रा गोंधळतो" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, आणि माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. जेवणाच्या टेबलापाशी नीट बघा. कुत्रा मालकाच्या खुर्चीजवळून सरळ पुढे जातो, रूममेटच्या गुडघ्याशी बसतो, हनुवटी मांडीवर टेकवतो आणि चेहऱ्याकडे नाही तर हाताकडे बघतो, त्यातही ज्या हाताने देतो त्याच हाताकडे. मालक पाणी आणायला उठला की कान हलतात आणि तो अजून चार बोटं पुढे सरकतो. याला गोंधळ म्हणायचं? कोण देतं, कधी देतं, कोण बघत नसताना देतं, सगळं पाठ आहे. २००३ च्या एका अभ्यासात कुत्र्यांना जमिनीवरचं खाणं घ्यायचं नाही असं बजावलं, मग माणूस कधी त्यांच्याकडे बघत बसला, कधी पाठ करून, कधी डोळे मिटून. माणूस बघत असताना कुत्र्यांनी कमी खाणं उचललं आणि उचललं तेही आडवळणाने जाऊन. नियम त्यांच्या दृष्टीने घराचा नसतो, त्या माणसाचा असतो, त्याच्या नजरेचा असतो.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रत्येक नियम दोघांनी सारखा ठेवायलाच पाहिजे असं नाही. रूममेट स्वतःच्या खोलीत कुत्र्याला पलंगावर घेतो आणि मालक घेत नाही, तर चालू दे, खोली वेगळी, माणूस वेगळा, कुत्र्याला हा फरक सहज पकडता येतो. भानगड होते ती फरक पकडायला काही ठोस खूणच नसते तेव्हा. तोच हॉल, तोच सोफा, तोच माणूस, सोमवारी "ये ना वर" आणि मंगळवारी जीन्स पांढरी घातलीये म्हणून "उतर!" हे कुठल्याच कुत्र्याला सोडवता येणारं गणित नाही, त्याने पँटचा रंग बघून नियम ओळखावा ही अपेक्षा जरा जास्तच. आणि पाहुण्यांच्या अंगावर उडी मारणं, पट्टा ओढणं, दार उघडलं की बाहेर सुसाट सुटणं, खेळताना हाताला दात लावणं, यात मात्र सूट नको, कारण तिथे तिसरा माणूस किंवा रस्ता मध्ये येतो आणि हे पाहुणे कोणाच्या नियमातले हे कुत्र्याला सांगायला कोणी नसतं.

पट्ट्याचं तर जास्तच, कारण तिथे बक्षीस आपल्या हातात दिसतच नाही. कुत्रा ओढतो, आपण दोन पावलं मागोमाग जातो, त्याला खांबाचा वास मिळतो, झालं, ओढण्याचं बक्षीस मिळालं, ट्रीटची गरजच पडली नाही. मालक सकाळी पट्टा ताणला की थांबतो आणि रूममेट रात्री फोन बघत बघत खेचला जातो, म्हणजे परत तेच, कधी मिळतं कधी नाही, आणि सवय घट्ट. अंगावर उडी मारल्यावर दोन्ही हातांनी ढकलणं आणि "अरे नको ना रे" म्हणून हसणं हेही बऱ्याच कुत्र्यांसाठी बक्षीसच, त्यांच्या लेखी ती मस्ती.

शब्दांचा मामला वेगळा आहे आणि तिथे गोंधळ खरोखर होतो. रिको नावाच्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्याला २०० च्या वर वस्तूंची नावं यायची, २००४ मध्ये त्याच्यावर संशोधन छापून आलं, चेझर नावाच्या कुत्रीने तर हजारावर खेळण्यांची नावं शिकली, त्यामुळे आपल्याला वाटतं कुत्र्यांना भाषाच कळते. पण ती नावं एकाच ठरलेल्या रूपात, प्रचंड सरावाने शिकवलेली होती. २००५ मधल्या प्रयोगांत शिकलेल्या कमांडमधला एखादा उच्चार बदलला तरी कुत्र्यांचा प्रतिसाद घसरला, आणि कमांड टेपवरून ऐकवली तरी घसरला. आता आपल्याकडे बघा, एक म्हणतो "बस", दुसरा म्हणतो "बैस ना बाळा, बैस पाहू", तिसऱ्या वेळी कुत्रा भुंकतोय आणि तोच पहिला ओरडतो "बस! बस झालं!" "खाली"चंही तेच, एकासाठी जमिनीवर आडवं हो, दुसऱ्यासाठी सोफ्यावरून उतर. कुत्रा सोफ्यावर होता, "खाली" ऐकून तिथेच छान आडवा झाला, आणि ओरडा खाल्ला. या एका बाबतीत रूममेटसोबत पाच मिनिटं बसाच आणि एका कामाला एक शब्द ठरवा, "उतर" वेगळं, "झोप" वेगळं, आणि भुंकणं थांबवायला "बस" सोडून दुसरं काहीही.

हाताची खूणही ठरवली तर उत्तम. २०१६ मध्ये पाण्यात बचावकार्याचं ट्रेनिंग झालेल्या लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांना तोंडाने एक आणि हाताने दुसरं असं मुद्दाम सांगून बघितलं, तर कुत्रे हाताचं जास्त ऐकत होते. दोन माणसांचे आवाज, लकबी वेगळ्या असणारच, पण तळहात वर करणं दोघांना सारखं जमतं. शाबासकीचा सूर मात्र खोटा चालत नाही. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये कुत्र्यांना स्कॅनरमध्ये शांत पडून राहायला शिकवून त्यांचे मेंदू तपासले (हे शिकवणाऱ्यांना माझा दंडवत), तर मेंदूतला बक्षिसाचा भाग शब्द आणि सूर दोन्ही कौतुकाचे असले तरच जास्त पेटला, नुसत्या एकाने नाही.

एक जण ट्रीट देऊन शिकवतो आणि दुसरा ओरडून, हीसुद्धा नेहमीची जोडी. दोन्ही मिळून बॅलन्स होतो असं काही लोक सांगतात, मला ते पटत नाही. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात ओरडा आणि शिक्षेवर चालणाऱ्या ट्रेनिंग स्कूलमधल्या कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणं जास्त दिसली, ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉलही, म्हणजे तणावात वाढणारं हार्मोन, जास्त वाढलं. आणि रूममेट संध्याकाळी येऊन सकाळी चावलेल्या चपलेवरून झापतो त्याचा तर काहीच उपयोग नाही. "बघ कसा तोंड पाडून बसलाय, त्याला कळलंय" हा पुरावा म्हणून दिला जातो, पण कुत्र्यांच्या वागण्यावर संशोधन करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं आणि ते पडलेलं तोंड चुकीशी नाही, माणसाच्या ओरडण्याशी जुळलं. काहीच न केलेले कुत्रेही ओरडा बसला की तसेच बसले.

हे सगळं रूममेटला ऐकवायला जाल तर तो जांभई देईल, आणि त्याचा काही दोष नाही, कुत्रा त्याने आणलेला नाही. म्हणून त्याच्याकडे कमी मागा. बीगल कुत्र्यांवरच्या २००८ च्या एका डॅनिश अभ्यासात आठवड्यातून एकदा शिकवलेल्या कुत्र्यांना पाच वेळा शिकवलेल्यांपेक्षा कमी सेशन्समध्ये जमलं (दिवस अर्थात जास्त लागले), तेव्हा शिकवायचं काम मालकाने एकट्याने केलं तरी भागतं. रूममेटकडून हवंय ते शिकवणं नाही, फक्त नको तिथे बक्षीस न देणं. तेही मोहाच्या क्षणी आठवून नाही. कचऱ्याच्या डब्याला झाकण, दाराला छोटं फाटक, जेवताना कुत्रा दुसऱ्या खोलीत चघळायला काहीतरी घेऊन, इतकं केलं की अर्ध्या भांडणांना जागाच उरत नाही.

आणि ज्याला द्यायचंच आहे त्याला देऊ द्या की, त्याचाही जीव आहे कुत्र्यावर. फक्त टेबलावरून नको. जेवण संपलं, ताटं उचलली, की कुत्र्याला चालणारं असेल ते त्याच्या भांड्यात टाकायचं आणि तो चार पायांवर शांत उभा असताना भांडं खाली ठेवायचं. तेवढाच तुकडा, तोच हात, पण आता त्याचा संबंध भीक मागण्याशी न जुळता भांड्यापाशी थांबण्याशी जुळतो. हा तह मला "अजिबात द्यायचं नाही" या नियमापेक्षा कितीतरी टिकाऊ वाटतो.

सगळं नीट चालू असताना काही आठवड्यांनी एखाद्या दिवशी कुत्रा अचानक परत मांडीवर हनुवटी टेकवेल. लगेच रूममेटवर संशय घेऊ नका, विझलेली सवय मध्येच डोकं वर काढते हे कुत्र्यांवर सवयींचे प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या काळापासून माहितीये, काही न देता जेवण संपवा, ती परत बसते. पण घरात न मुतणारा कुत्रा अचानक मुतायला लागला, हात लावू देणारा गुरगुरायला लागला, किंवा खाण्याच्या मागे कधी नव्हे इतका लागला, तर नियम कोणी मोडला हे शोधण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या, कारण लघवीचं इन्फेक्शन, सांधेदुखी किंवा हार्मोन्सचा आजार असेल तर दोघांनी कितीही एकमताने वागून काही फरक पडणार नाही.