दोन रात्री समुद्रकाठी: निघण्याआधी वाचा

"पुढच्या वर्षी नक्की" म्हणता म्हणता बरीच वर्षं जातात आणि मग एकदाची दोघांची रजा जुळते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक जोडप्यांचं असंच असतं. इतकी वाट पाहिलेली असते की हातातली यादीही तेवढीच लांब असते. दोन रात्रींच्या सहलीसाठी आम्ही ती यादी सरळ अर्ध्यावर आणतो, राग मानू नका. पहिला दिवस पोचण्यात जातो आणि शेवटचा खोली सोडण्यात. मधला एक दिवस काय तो पुरता तुमचा. तो आम्ही घड्याळावर बसवत नाही, भरती-ओहोटीवर बसवतो.

भरती कधी, ओहोटी कधी

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे कालची वेळ आज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकलेली असते. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते. चपला हातात घेऊन लांबवर चालायचं तर तीच वेळ. भरतीला उरते ती वरची भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय रुततात, पोटऱ्या भरून येतात आणि गप्पा आपोआप बंद होतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि ओहोटीला जास्त आतही जातं. अष्टमीच्या सुमारास हा फरक कमी असतो, त्याला भांग म्हणतात. खडकांना वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जायचं असेल, तर पाणी उतरत असतानाच निघा आणि ते फिरायच्या आत परता. फोटोच्या नादात मागची वाट पाण्याखाली जाते आणि ते लक्षातही येत नाही.

खोली

'सी-व्ह्यू' आणि 'सी-फेसिंग' एक नव्हे. सी-फेसिंग म्हणजे खोलीचं तोंडच समुद्राकडे. सी-व्ह्यू म्हणजे बाल्कनीच्या कोपऱ्यातून मान वळवल्यावर दिसला तरी चालतं. बुकिंग करताना आम्ही हे विचारून घेतो, तुम्हीही विचारा. वाळूवर उभं राहिलं की क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. डोळे पाण्यापासून दहा मीटर उंचीवर गेले, तर तेच अकरा किलोमीटरच्या पुढे जातं. पण आमचं मत विचाराल तर उंचीपेक्षा लाटांचा आवाज खोलीत येतो की नाही, याला आम्ही जास्त मार्क देऊ.

आणखी एक. किनारा पूर्वेकडे तोंड करून असेल, तर पाण्यात बुडणारा सूर्य तिथे दिसणार नाही, पहाटे उठावं लागेल. पश्चिमेचा असेल, तर सूर्य बुडाल्याबरोबर उठू नका. रंग त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत खुलतात आणि तोवर अर्धी गर्दी गेलेली असते.

पाण्यात उतरताना

लाटा फुटताना दिसतात तिथे धोका आणि मधला शांत, गडद पट्टा सुरक्षित, असं वाटतं. बऱ्याचदा उलटं असतं. त्या शांत पट्ट्यातूनच पाणी वेगाने समुद्राकडे परतत असतं. यालाच रिप करंट म्हणतात. त्यात सापडलात, तर किनाऱ्याकडे झगडत पोहू नका. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या. जोडीदार अडकला, तर मागोमाग उडी घेऊ नका. जीवरक्षकाला हाक मारा आणि तरंगेल असं काहीतरी त्याच्याकडे फेका. वर लाल, खाली पिवळा असे झेंडे लावलेले असतील, तर त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहा. नुसता लाल झेंडा असेल, तर पाण्यात जाऊच नका.

लग्नाची अंगठी खोलीतच काढून ठेवा. गार पाण्यात बोटं आकसतात, एरवी साबण लावूनही न निघणारी अंगठी तिथे अलगद निसटते आणि वाळूत ती सापडणं जवळपास अशक्य. हे सांगितलं की दोघंही हसतात आणि लगेच आपापली अंगठी फिरवून बघतात.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं घ्या. ते दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा. ढगाळ दिवशीही. पाठीचा मधला भाग एकट्याला लावता येत नाही, तिथे जोडीदार कामी येतो.

खारट कपडे

समुद्रात भिजलेले कपडे गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय वाळत घालू नका. कापडात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे कपडे दिवसभर वाऱ्यावर टांगले तरी चिकटच राहतात.

आमचा फॉर्म

फॉर्मवर 'काय करायला आवडेल' याचे दोन रकाने आहेत. एकाच्या हाताने दोन्ही भरू नका. एकदा एका रकान्यात पोहणं, बोट, पहाटेचं चालणं असं बरंच होतं आणि दुसऱ्यात फक्त "खुर्ची". आम्ही सावलीतली खुर्ची पाण्याच्या इतकी जवळ लावून घेतली की पोहणारा माणूस तिथून दिसत राहील.