सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

‘संशोधनाचा डेटा क्लाउडवर सिंक होतोय, म्हणजे बॅकअप झालाच’ हा समज संशोधकांच्या गटांत वर्षानुवर्षं फिरतोय. फाइल दोन ठिकाणी दिसते, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे.

पण सिंकचं काम दोन्हीकडे सारखंच ठेवणं हे आहे. लॅपटॉपवर एक्सेलमधला रकाना चुकून पुसला, की क्लाउडवरचाही जातो. जुन्या आवृत्त्या आणि डिलीट केलेल्या फाइली बहुधा ठरावीक मुदतीपुरत्याच राहतात. खात्री करायची तर एक बिनकामाची फाइल सिंक फोल्डरमध्ये ठेवा, लॅपटॉपवरून डिलीट करा आणि मोबाइलवर पाहा.

बॅकअपचा जुना, भरवशाचा नियम असा: ३ प्रती, २ वेगळ्या साधनांवर, त्यांतली १ दुसऱ्या जागी. प्रत जशीच्या तशी आहे का, ते चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली अक्षर-अंकांची छोटी खूण, काढून तपासता येतं. मूळ फाइलचा आणि प्रतीचा चेकसम जुळायला हवा. फाइलमधला एक अंक बदलला तरी चेकसम वेगळा येतो.

यासाठी ग्रंथपालांना जरूर भेटा. फाइलींची नावं, रकान्यांचा अर्थ सांगणारी रीडमी फाइल, एक्सेलसोबत सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) प्रत, या सगळ्यात ते मदत करू शकतात. आणि प्रबंध लिहायला बसल्यावर नव्हे, पहिली प्रश्नावली भरून घेण्याआधीच भेटा.