दिवे भक्क, तरी गाडी ढिम्म

हेडलाइट भक्क पेटतात, हॉर्न कान किटवतो, पण चावी फिरवली की बॉनेटखालून नुसता 'टक' असा आवाज येतो. मोंढ्यासमोर अशी गाडी अडली की चार माणसं जमतात आणि लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बॅटरी गेली. दुसरा म्हणतो, दिवे लागायलेत की, बॅटरी कशी जाईल? हा वाद करंटच्या हिशेबाशिवाय मिटत नाही.

दोन हेडलाइट मिळून साधारण १० अँपिअर करंट घेतात. सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर ओढतो; डिझेल गाडीत त्याहूनही जास्त. आता बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड साचून तिथला रोध ०.०२ ओहम झाला असं धरू. करंट गुणिले रोध, हा ओहमचा साधा नियम. दिवे लावले तर त्या जागी ०.२ व्होल्ट वाया जातात, दिव्यांना पत्ताही लागत नाही. सेल्फनं १५० अँपिअर मागितले की तिथंच ३ व्होल्ट गडप होतात आणि मोटर दमते. पाइपात गाळ बसला की एका नळाला पाणी बरं येतं, पण तुषारचा अख्खा संच लावला की फवारे मान टाकतात, तसंच हे. म्हणून दिवे लागतात एवढ्यावर बॅटरीला आणि जोडण्यांना चांगलेपणाचा दाखला देऊ नये.

आवाजही बरंच सांगतो. 'टकटकटक' अशी सरबत्ती ऐकू आली तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढला जातोय, सेल्फला करंट मिळताच व्होल्टेज कोसळतंय, सोलेनॉइड सुटतोय, व्होल्टेज सावरतंय आणि तो पुन्हा ओढला जातोय. म्हणजे बॅटरी उतरलीय किंवा जोडणी खराब आहे. एकच 'टक' होऊन पुढे शांतता असेल तर तीच कारणं असू शकतात, शिवाय सेल्फच्या कार्बन ब्रशवर (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे) किंवा सोलेनॉइडवर संशय घ्यावा.

बहुतेक लोक इथं थेट नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात, आणि पूड साचलेली जुनी क्लॅम्प नव्या बॅटरीवर चढते. त्याआधी साधा मल्टिमीटर लावावा. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आलीय. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर बॅटरी कमजोर किंवा उतरलेली समजा. आता खरी गंमत. मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, दुसरी तिच्यावर बसलेल्या क्लॅम्पवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. दोन्ही धातू एकमेकांना चिकटलेले, तेव्हा आकडा शून्याजवळच हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर तिथंच सापडला. गरम पाणी, जुना ब्रश आणि सँडपेपर एवढ्यावर काम भागतं. बॉडीला जोडलेली अर्थची वायरही अशीच तपासावी. तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

बॅटरी थंडीत दगा देते असा समज आहे. परभणीचा पारा हिवाळ्यात कधी ५ अंशांच्याही खाली जातो, तेव्हा बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिन ऑइल घट्ट होऊन सेल्फवर ओझं वाढतं, हे खरं. पण बॅटरी झिजते ती उन्हाळ्यात. ४२-४३ अंशांच्या उन्हात बॉनेटखाली त्याहून जास्त तापतं, पाणी उडतं, प्लेटा कुजतात. मे महिन्यातलं दुखणं डिसेंबरात बाहेर येतं, एवढंच.

सेल्फ झपाट्यानं फिरतोय आणि तरी इंजिन पेटत नाही, ही गोष्ट वेगळी. पेट्रोल गाडीत चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद गुणगुण ऐकू येते. सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा. एरवी लांबवर सेल्फ खाणारी गाडी यानंतर चटकन उठली, तर रात्रीतून इंधनाचा दाब निसटतोय; पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे न सोडणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) पाहा. उलट, एक्सलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर गाडी उठली, तर आत पेट्रोल जास्त झालंय. बऱ्याच इंजेक्शन गाड्या अशा वेळी पेट्रोल तोडतात आणि नुसती हवा ओढतात.

हल्ली हे सगळं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलच्या नावावर खपवलं जातं. आपल्या उसाच्या पट्ट्यातून निघणाऱ्या इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, हे खरंय. पण २० टक्के मिश्रणातही पटकन उडणारं पेट्रोल शिल्लक असतं, आणि आपली थंडी काही काश्मीरची नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहून टाकीत पाणी शिरलं असेल, तर मात्र तक्रारीत तथ्य आहे.

डिझेलला स्पार्क नसतो. दाबलेली हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे हीटर प्लग (थंड इंजिनात आतली हवा तापवणारा) किंवा कॉम्प्रेशन (हवा दाबली जातेय का) तपासा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही: लाइननं एअर धरलीय किंवा फिल्टर तुंबलाय.

गाडी थंड असताना चालू होते, पण लातूरहून तापून आली आणि टपरीवर चहा होईस्तोवर बसली की उठत नाही, अर्ध्या तासानं मात्र उठते? असं असेल तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा भाग, पाहा. आतली बारीक तार गरम होऊन ताणली की संपर्क तुटतो आणि कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. स्कॅनर हा दोष बहुधा पकडतो, पण गाडी गरम असतानाच लावायला हवा.

आणि सेल्फचा आवाज एकाएकी हलका, एकसुरी आणि नेहमीपेक्षा वेगवान झाला तर चावी लगेच सोडा. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा, तुटल्यावर असा आवाज येतो. काही इंजिनांत पुढचा प्रत्येक फेरा पिस्टन व्हॉल्व्हवर आदळवतो, मग शे-पाचशेच्या दुरुस्तीची बात उरत नाही, इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेडच उतरवावं लागतं.